सोलापुरातून देवमाशांच्या प्राचीन डीएनएपर्यंत: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राला लागून व्हिक्टोरिया लँड नावाचा किनारा आहे. दक्षिणी हत्ती-सील आज तिथं वीण करत नाहीत. त्या बाजूची जवळची वसाहत मॅक्वारी बेटावर, म्हणजे सुमारे २,५०० किलोमीटर दूर. तरीही या किनाऱ्यावर हत्ती-सीलची कातडी, केस आणि हाडं सापडतात, थंड कोरड्या हवेत सुकून टिकलेली. २००९ साली संशोधकांनी त्यांतला डीएनए वाचला आणि या किनाऱ्यावरच्या जुन्या वसाहतीचा सगळा इतिहास समोर आला. साधारण ८,००० वर्षांपूर्वी बर्फ मागं हटलं, किनारा मोकळा झाला आणि मॅक्वारीकडचे काही सील तिथं पोचले. वसाहत झपाट्यानं वाढली, तिच्यात भरपूर आनुवंशिक वैविध्य आलं. मग सुमारे १,००० वर्षांपूर्वी बर्फ पुन्हा किनाऱ्याला भिडलं, पिल्लं घालायला जागा राहिली नाही आणि वसाहत मोडली. साठलेलं वैविध्यही बहुतेक तिच्याबरोबर गेलं.

हवामान बदललं की समुद्रातले सस्तन प्राणी काय करतात? सरकतात, वाढतात, की संपतात? देवमासे, डॉल्फिन, सील, वॉलरस, समुद्रगाय यांच्याबद्दल शास्त्रीय नोंदी फार तर शे-दोनशे वर्षांच्या आहेत, आणि त्या काळात माणसानं शिकार करून सगळं चित्रच बदलून टाकलं. माणसाच्या आधीचे हवामानबदल या प्राण्यांनी कसे सोसले हे पाहायला जुनी हाडं आणि त्यांतला डीएनए लागतो.

सोलापूरहून समुद्र अडीचशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना हा विषय परक्या मुलखातला वाटतो, आणि आवडला तरी "आपल्याकडे कुठं हाडं आहेत?" असं म्हणून ते सोडून देतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की या विषयात हाड सगळ्यात शेवटी हातात घ्यायचं. नमुन्यासाठी कापलेलं हाड परत मिळत नाही. हजारो वर्षं टिकलेली वस्तू शिकाऊ हातानं वाया घालवण्याचा अधिकार कुणालाच नाही. शिकायचं ते आधीच जगजाहीर झालेल्या माहितीवर, आणि ती माहिती सोलापुरात बसून मोफत मिळते.

पायरी पहिली: प्रश्न लहान करा

"हवामानबदलाचा देवमाशांवर परिणाम" हा प्रश्न नाही, तो विषय आहे. प्रश्नात प्राणी, जागा, काळ आणि मोजता येणारी गोष्ट या चारही बाबी यायला हव्यात. २०१३ सालचा बोहेड देवमाशावरचा अभ्यास याचा चांगला नमुना आहे. बोहेड हा उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातला प्राणी, पण हिमयुगाच्या अखेरीस तो उत्तर समुद्राच्या (नॉर्थ सी) दक्षिण भागात, आजच्या नेदरलँड्सच्या आसपास राहत होता. संशोधकांनी विचारलं: ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपून समुद्र तापला तेव्हा हे दक्षिणेकडचे बोहेड तिथंच मेले, की उत्तरेला सरकले? हाडांतल्या डीएनएनं सांगितलं की त्यांचे वंश पुढच्या काळातही टिकून होते. प्राणी आपल्या अधिवासामागं उत्तरेला गेले होते. तिकडं योग्य अधिवास तिपटीनं वाढला तशी माद्यांची संख्याही वाढली. त्याच अभ्यासाचा पुढचा अंदाज असा की या शतकाच्या अखेरीस तो अधिवास जवळपास निम्मा होईल. उत्तरेला सरकून वाचलेल्या प्राण्याला आता आणखी उत्तरेला जागा नाही. हे वाचून मला आजही काळजी वाटते, आणि म्हणूनच या विषयात जास्त लोक यावेत असं वाटतं.

आपल्या बाजूचा प्रश्नही ऐका. अरबी समुद्रातले कुबड देवमासे इतरांसारखे ध्रुवांकडच्या थंड समुद्रात जात-येत नाहीत, वर्षभर इथंच राहतात. २०१४ साली त्यांच्या डीएनएवरून अंदाज निघाला की ते सुमारे ७०,००० वर्षं बाकीच्यांपासून तुटलेले आहेत. (हा डीएनए जिवंत प्राण्यांचा होता, प्राचीन नव्हे.) त्यांना इथं अन्न मिळतं ते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यामुळं. हा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळचं वरचं पाणी दूर ढकलतो, खालचं थंड आणि पोषक पाणी वर येतं, त्यावर प्लवक आणि मासे वाढतात. समुद्रतळाच्या गाळातून कळतं की हिमयुगाच्या कडक काळात हा वारा कमजोर होता. सोलापूरकरांना मोसमी वारा दगा देतो म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तोच वारा कमजोर झाला तेव्हा त्या देवमाशांनी काय खाल्लं, त्यांची संख्या किती घटली, असा प्रश्न सोलापूरच्या विद्यार्थ्यानं विचारला तर तो उसना वाटणार नाही.

पायरी दुसरी: डीएनए कसा मोडतो ते आधी समजून घ्या

ही पायरी घाईत उरकली की पुढं काहीच नीट कळत नाही, म्हणून इथं थोडं थांबतो.

जिवंत पेशीत डीएनएची डागडुजी सतत चालू असते. प्राणी मेला की ती थांबते. पाण्यामुळं साखळी जागोजागी तुटत जाते आणि काही हजार वर्षांनी बहुतेक तुकडे शंभर अक्षरांहूनही लहान उरतात, पुष्कळदा तीस ते सत्तरच्या दरम्यान. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी म्हणजे सायटोसिन हळूहळू युरॅसिल बनतं, आणि यंत्र ते टी म्हणून वाचतं. हा बदल तुकड्याच्या टोकांना जास्त होतो, कारण तिथं डीएनएचा एक धागा उघडा पडलेला असतो. सोलापुरी चादर जुनी झाली की आधी कडांनी उसवते, मधलं वीणकाम बराच काळ शाबूत राहतं. इथंही तसंच आहे.

हे नुकसान म्हणजे नुसती अडचण नाही, तो पुरावाही आहे. हाड खोदणाऱ्याचा, धुणाऱ्याचा, कापणाऱ्याचा स्वतःचा डीएनए नमुन्यात मिसळतो, पण तो ताजा असतो आणि त्याची टोकं धड असतात. टोकांना सीच्या जागी टी वाढलेलं दिसलं तरच डीएनए जुना आहे असं म्हणायचं. ही खूण न दाखवता कुणी प्राचीन डीएनएचा दावा केला तर विश्वास ठेवू नका.

हे मोडणं उष्णतेनं वेगात होतं. म्हणून या विषयातले गाजलेले नमुने ध्रुवीय प्रदेशातले किंवा थंड समुद्रतळाचे असतात. आपल्याकडचं उदाहरण राखीगढीचं. तिथल्या हडप्पाकालीन सांगाड्यांचे साठाहून जास्त नमुने तपासल्यावर एका व्यक्तीचा वापरता येईल इतका डीएनए मिळाला, आणि तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या मुलखात हाड जुनं आहे म्हणून डीएनए असेलच असं धरून चालू नका.

शरीरातली सगळी हाडंही सारखी टिकत नाहीत. कानाजवळचं हाड शरीरातलं सर्वांत घट्ट असतं. देवमासे आणि डॉल्फिनमध्ये ते कवटीपासून सुटं पडून वेगळं सापडतं. दातही चांगले. बरगड्या आणि मणके मोठे असले तरी सच्छिद्र असतात, त्यांच्या आकाराला भुलू नका.

पायरी तिसरी: हाड कुणाचं आणि कधीचं

किनाऱ्यावरच्या मोडक्या हाडावरून प्रजाती ओळखताना तज्ज्ञही फसतात. कॅनडाच्या लॅब्रेडॉर किनाऱ्यावर रेड बे इथं सोळाव्या शतकात स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक देवमाशांची शिकार करत. तिथल्या हाडांवरून बराच काळ असं मानलं गेलं की मारलेल्यांपैकी निम्मे राइट व्हेल आणि निम्मे बोहेड होते. डीएनए तपासल्यावर जवळपास सगळे बोहेड निघाले, राइट व्हेलचं एकच हाड. उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल कमी का झाले याचं ठरून गेलेलं उत्तर त्यामुळं पुन्हा तपासावं लागलं. २०१८ साली याच्या उलट घडलं. जिब्राल्टरच्या आसपासच्या रोमनकालीन ठिकाणांची हाडं तपासली, तेव्हा करडा देवमासा आणि राइट व्हेल असे दोन्ही सापडले. आज हे दोन्ही प्राणी भूमध्य समुद्रात राहत नाहीत.

डीएनएआधी एक स्वस्त चाचणी करता येते. हाडातल्या कोलॅजेन प्रथिनाचे तुकडे करून त्यांची वजनं मोजायची. प्रजातीगणिक वजनांचा नमुना बदलतो. कोलॅजेन डीएनएपेक्षा जास्त टिकतं, त्यामुळं शेकडो तुकड्यांतून कामाचे निवडायला ही चाचणी उपयोगी पडते.

आता वय. रेडिओकार्बन पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालते, पण समुद्री प्राण्यांत तिला एक मोठी दुरुस्ती लागते. खोल समुद्रातलं कार्बन जुनं असतं, ते अन्नसाखळीतून प्राण्यात येतं. त्यामुळं हाड आहे त्याहून सरासरी ४०० वर्षांच्या आसपास जास्त जुनं दिसतं. अंटार्क्टिकाजवळ हा फरक हजार वर्षांच्याही वर जातो. दुरुस्ती चुकली तर तुमचा प्राणी चुकीच्या हवामानात जाऊन बसेल आणि पुढचं गणित कितीही नेटकं असलं तरी निष्कर्ष खोटा ठरेल. कुठलाही निबंध वाचताना वयाच्या तक्त्यात ही दुरुस्ती कशी केली आहे ते आधी पाहायची सवय लावा.

प्रयोगशाळेत काय होतं, थोडक्यात

तुम्ही लगेच तिथं जाणार नाही, पण काय चालतं हे माहीत हवं. प्राचीन डीएनएची खोली पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया) चालणाऱ्या इमारतीपासून वेगळी असते. आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत येत नाही. काम करणारा डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो. पृष्ठभाग ब्लीचनं पुसतात, रात्री अतिनील दिवे लावतात. ज्यानं त्या दिवशी पीसीआरच्या खोलीत पाय ठेवला त्यानं इकडं फिरकायचं नाही.

हाडाची साधारण ५० मिलिग्रॅम भुकटी घेतात. त्यातून डीएनए वेगळा काढून तुकड्यांच्या टोकांना ओळखीचे कृत्रिम तुकडे जोडतात, म्हणजे यंत्राला तो वाचता येतो. प्रत्येक टप्प्यावर हाड न घातलेली एक रिकामी नळीही सोबत चालवतात. तिच्यात काही सापडलं तर बाहेरचा डीएनए आत शिरला आहे हे कळतं. निघालेल्या डीएनएत प्राण्याचा स्वतःचा वाटा कधी कधी एक टक्काही नसतो, बाकी सगळा मातीतल्या जिवाणूंचा.

पायरी चौथी: लॅपटॉपवर प्रत्यक्ष काम

इथून तुमचं खरं काम सुरू होतं. आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. त्यावर उबुंटू लिनक्स टाका, किंवा विंडोजमध्येच लिनक्सची सोय चालू करून घ्या. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फाइल हलवणं, शोधणं, मोजणं हे अंगवळणी पडेपर्यंत पुढं जाऊ नका. जीवशास्त्राची मुलं इथं बिचकतात आणि संगणकशास्त्राची मुलं जीवशास्त्राला बिचकतात, म्हणून एक याचा आणि एक त्याचा अशी जोडी जमवून काम केलं तर दोघांचंही भलं होतं. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यानं मात्र आज्ञा स्वतः टाइप कराव्यात, जोडीदाराच्या भरवशावर राहू नये.

पहिला सराव मायटोकाँड्रियाच्या डीएनएवर करा. तो आईकडून येतो, पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात म्हणून जुन्या हाडातही मिळण्याची शक्यता जास्त, आणि देवमाशांत त्याची लांबी जेमतेम १६,४०० अक्षरं. जेनबँक या अमेरिकी सरकारी संग्रहातून बोहेड किंवा करड्या देवमाशाचे प्रसिद्ध झालेले क्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या ओळी, उतरवून घ्या. प्रत्येक चांगल्या निबंधाच्या शेवटी विदा (डेटा) कुठं ठेवली आहे हे सांगणारा परिच्छेद असतो, त्यात क्रमांक मिळतात. हत्ती-सीलचा २००९ सालचा निबंध 'प्लॉस जेनेटिक्स'मध्ये आहे आणि तो कुणालाही मोफत वाचता येतो. पहिल्या वाचनाला तोच घ्या. क्रम हाती आले की 'मॅफ्ट'नं ते एकाखाली एक लावा, 'आयक्यू-ट्री'नं वंशवृक्ष काढा, 'पॉपआर्ट'नं वंशांमधलं जवळचं-लांबचं नातं दाखवणारं जाळं काढा. जुने आणि आजचे नमुने वेगळ्या रंगात दाखवा. जुन्यांतले कुठले वंश आज दिसत नाहीत हे त्या चित्रात लगेच नजरेला येतं. ते आधी स्वतः पाहा, मग लेखकांनी काय लिहिलं आहे ते वाचा.

दुसरा सराव कच्च्या वाचनांवर, म्हणजे यंत्रानं वाचलेल्या लाखो तुकड्यांवर. युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्हमध्ये ती मोफत मिळतात. एकाच नमुन्याची एकच फाइल घ्या, अख्खा प्रकल्प उतरवायला जाऊ नका. उतरवलेली फाइल पूर्ण आली का हे सोबत दिलेल्या एमडी-फाइव्ह क्रमांकाशी ताडून पाहा. मध्येच वीज गेली की फाइल अर्धवट राहते, आणि अशी फाइल पुढच्या टप्प्यावर विचित्र चुका दाखवत राहते.

नंतरचा क्रम असा. 'फास्टक्यूसी'नं फाइलची तब्येत पाहायची. 'अ‍ॅडाप्टर-रिमूव्हल'नं कृत्रिम टोकं कापायची आणि दोन्ही बाजूंनी वाचलेले तुकडे एकत्र जोडायचे. तीसपेक्षा लहान तुकडे टाकून द्यायचे, कारण इतका लहान तुकडा कुठल्याही जिवाणूच्या डीएनएतही बसू शकतो. मग 'बीडब्ल्यूए'च्या जुन्या 'एएलएन' पद्धतीनं ते तुकडे आजच्या त्याच प्रजातीच्या संदर्भक्रमावर, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या पूर्ण क्रमावर, बसवायचे. इथं एक बारकावा आहे. हे साधन वेग वाढवण्यासाठी तुकड्याच्या सुरुवातीची काही अक्षरं जवळपास तंतोतंत जुळतात का ते आधी पाहतं. पण प्राचीन तुकड्याची सुरुवातच खराब असते, म्हणून ही बीज-पद्धत बंद करावी लागते. त्यासाठी बीजाची लांबी १०२४ अशी अवाढव्य द्यायची रीत आहे. वेळ जास्त लागतो, पण खरे जुने तुकडे हातचे जात नाहीत. पुढं 'सॅमटूल्स'नं कच्चे जुळलेले तुकडे गाळायचे आणि एकाच मूळ तुकड्याच्या नकला काढून टाकायच्या.

शेवटी 'मॅपडॅमेज' चालवा. ते जो आलेख देतं त्यात डाव्या टोकाला सीचे टी झालेले आणि उजव्या टोकाला जीचे ए झालेले (समोरच्या धाग्यावरचा तोच बदल) वर चढलेले दिसतात, मधला भाग सपाट. हाच आलेख एका आजच्या देवमाशाच्या विदेवरही काढा. तिथं रेघ टोकापर्यंत सपाट राहील. हे दोन आलेख शेजारी ठेवून पाहिले की दुसऱ्या पायरीत सांगितलेलं नुकसान कायमचं लक्षात राहतं. काही प्रयोगशाळा युरॅसिल काढून टाकणारं विकर वापरतात, त्या नमुन्यात खूण पुसट किंवा नाहीशी होते. तेव्हा सपाट आलेख दिसला की आधी निबंधाची पद्धत वाचा, नमुना खोटा आहे असं लगेच म्हणू नका.

मग प्रत्येक जागेवर निदान तीन वाचनं असतील तिथलंच अक्षर धरून क्रम तयार करा आणि प्रसिद्ध झालेल्या क्रमाशी ताडून पाहा. फरक आला तर कारण शोधत बसा. ही बैठक कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त शिकवते.

मोठं काम लॅपटॉपला झेपत नसेल तर 'गॅलक्सी'च्या युरोपातल्या सर्व्हरवर खातं मोफत उघडता येतं. उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो, लांबणारी कामं रात्री लावलेली बरी. टर्मिनल बंद पडलं तरी काम चालू राहावं म्हणून 'टीमक्स' शिकून घ्या. 'एनएफ-कोर'ची 'ईगर' ही साखळी वरची सगळी कामं एका दमात करते, पण ती नंतर वापरा. आधी प्रत्येक टप्पा हातानं करून पाहा. प्रत्येक आज्ञा, तिची तारीख, साधनाची आवृत्ती वहीत किंवा साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहीत जा.

पायरी पाचवी: हवामानाशी जोड लावताना

सगळ्यात जास्त घोटाळे इथं होतात, आणि नावाजलेल्या नियतकालिकांतही होतात.

वेगवेगळ्या वयाच्या हाडांचे क्रम 'बीस्ट' या साधनाला त्यांच्या वयासह दिले की ते मागच्या काळातली प्रभावी संख्या किती होती याचा आलेख काढतं. प्रभावी संख्या म्हणजे डोकी मोजून आलेली संख्या नव्हे. पुढच्या पिढीत ज्यांचा वारसा खरोखर पोचतो त्यांचा तो अंदाज असतो, आणि मायटोकाँड्रियावरून काढला तर फक्त माद्यांचा. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी मोजायला जाणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा: तिथं तुम्ही मोजता ती संख्या आणि ही संख्या यांत पुष्कळ पटींचा फरक असू शकतो. पिढीच्या लांबीचाही विचार लागतो. बोहेड देवमासा २०० वर्षांहून जास्त जगू शकतो, त्याची एक पिढीच अनेक दशकांची. उंदरासाठी ठरवलेला डीएनए बदलण्याचा वेग त्याला लावला तर सगळ्या तारखा चुकतात.

हाडांची वयं या गणिताला खरोखर काही माहिती देतात का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. वयं आपापसांत उलटसुलट करून गणित पुन्हा चालवा. तरीही तेच उत्तर आलं तर तुमच्या वयांत दम नाही.

आलेख निघाला की त्याच्याखाली तापमानाचा आलेख ठेवायचा मोह होतो. दोन्ही रेघा एकदम वळल्या म्हणजे एकीमुळं दुसरी वळली असं होत नाही. पहिली शंका घ्यायची ती समूहांच्या विभागणीची. एकच मोठा समूह दोन भागांत तुटला तरी काही पद्धतींत तो संख्या बदलल्यासारखाच दिसतो. दुसरी शंका माणसाची. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या आसपासच्या बोहेडची शिकार १६११ च्या सुमारास सुरू झाली आणि तो समूह जवळपास संपला. अरबी समुद्रातले २४२ कुबड देवमासे सोव्हिएत जहाजांनी १९६५-६६ साली मारले. आज ते इतके थोडे आहेत त्याचं खापर फक्त मोसमी वाऱ्यावर फोडलं तर तो अन्याय होईल. उलटही घडतं. उत्तर प्रशांतातली स्टेलरची समुद्रगाय युरोपीय लोकांना १७४१ साली दिसली आणि १७६८ पर्यंत शिकारीनं संपली, हे शाळेतही सांगतात. पण तिचा जीनोम वाचल्यावर दिसलं की माणूस तिथं पोचण्याच्या फार आधीपासूनच तिची संख्या घसरत आली होती. शिकाऱ्यांचा दोष त्यानं कमी होत नाही, पण जो समूह आधीच खंगला होता त्याला शेवटचा धक्का बसला हे कळतं.

म्हणून डीएनएला एकटं सोडू नका. हाडातल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून प्राणी काय खात होता ते कळतं. समुद्रतळाच्या गाळावरून पाणी किती थंड होतं ते कळतं. अधिवासाचं संगणकी प्रारूप त्या काळात कुठला समुद्र राहण्याजोगा होता ते दाखवतं. करड्या देवमाशाचा २०१५ सालचा अभ्यास मला यासाठी आवडतो. हा प्राणी आज फक्त प्रशांत महासागरात आहे. अटलांटिकमधला त्याचा समूह गेल्या काही शतकांत नाहीसा झाला. अटलांटिकमधल्या जुन्या हाडांचा डीएनए, त्यांची वयं आणि अधिवासाचं प्रारूप एकत्र पाहिल्यावर दिसलं की उत्तर ध्रुवाकडचा बर्फाचा अडसर दूर झाला त्या उबदार काळांत हे प्राणी प्रशांतातून अटलांटिकमध्ये एकदा नव्हे, अनेकदा गेले होते. २०१० साली एक करडा देवमासा इस्रायलच्या किनाऱ्याजवळ दिसला तेव्हा सगळे चकित झाले. या जुन्या हाडांच्या उजेडात ती वाट नवी राहत नाही.

हाड, कायदा आणि परवानगी

कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावर डॉल्फिनची कवटी किंवा देवमाशाचा मणका दिसला तर उचलून सोलापूरला आणू नका. देवमासे, डॉल्फिन आणि समुद्रगाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, त्यांचे अवशेष विनापरवाना जवळ ठेवणं गुन्हा आहे. फोटो काढा, जागेची नोंद करा आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात वनविभागाचा कांदळवन कक्ष किनाऱ्यावर लागलेल्या सागरी प्राण्यांचं काम पाहतो. संशोधनासाठी नमुना हवा असेल तर अर्ज संस्थेमार्फत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. नमुना देशाबाहेर पाठवायचा तर त्याच्या परवानग्या आणखी वेगळ्या, आणि त्यांना महिने लागतात हे धरूनच वेळापत्रक आखा.

संग्रहालयातली हाडं हा दुसरा मार्ग. कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांच्याकडे जुने संग्रह आहेत. शंभर-दीडशे वर्षांचा नमुना प्राचीन म्हणता येणार नाही, पण मोठ्या शिकारीआधीचा असेल तर फार मोलाचा. संग्रहपालाला लिहिताना आधी प्रसिद्ध विदेवर केलेलं काम दाखवा, किती भुकटी लागेल, हाडाच्या कुठल्या भागातून घेणार, आधी मोजमापं आणि फोटो घेणार का, उरलेला डीएनए कुठं ठेवणार हे स्पष्ट लिहा. नकार आला तर मान्य करा, त्यांचं काम हाड जपणं हे आहे.

कुठं जायचं

सोलापूरहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथल्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या केंद्रात प्राचीन डीएनएवर काम चालतं. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतही प्राचीन डीएनएची प्रयोगशाळा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वातली प्राण्यांची हाडं ओळखायला शिकता येतं. हे कौशल्य जनुकशास्त्राच्या मुलांकडे नसतं, म्हणून ज्याच्याकडे ते आहे त्याला किंमत आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था समुद्रगाईंवर काम करते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप दरवर्षी निघते, तिच्यासाठी पदवीच्या काळातच अर्ज करा.

प्रयोगशाळेला पहिलं पत्र लिहाल तेव्हा "मला या विषयाची खूप आवड आहे" यावर थांबू नका. कुठल्या नमुन्याची विदा घेतली, कुठली साधनं वापरली, नुकसानीचा आलेख कसा आला, तुमचा क्रम प्रसिद्ध क्रमाशी किती जुळला आणि जिथं जुळला नाही तिथं का, हे एका पानात लिहा. आलेख सोबत जोडा. प्रश्न एकच विचारा, आणि तो त्यांच्याच निबंधातल्या एखाद्या आकृतीबद्दल असू द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा, आणि तोवर दुसऱ्या नमुन्यावर काम सुरू ठेवा.